जुन्या रॅलेच्या हेडमध्ये हातोडा घालणाऱ्यास



'तुम्ही' म्हणतो आहे ते सवयीनं. त्या सायकलचं हेड, म्हणजे हँडल जिथे फिरतं तो सांधा, उघडल्यापासून तुमच्याबद्दल आदर उरलेला नाही, आणि तो आहे असं दाखवायची माझी इच्छाही नाही.

सायकल तुम्हाला आठवत असेल. काळी रॅले, २८ इंची चाकं, सळ्यांचे ब्रेक, चेनव्हीलमध्ये रॅलेचे बगळे. मागच्या स्टर्मी-आर्चर हबवर ५४ हा आकडा ठोकलेला, म्हणजे हब १९५४ सालचा. सांगलीच्या एका निवृत्त मास्तरांनी ती तुमच्या हवाली केली. त्यांच्या वडिलांची सायकल, आणि तुमच्या पाटीवर 'व्हिंटेज सायकलींचं संपूर्ण रिस्टोरेशन' असं ठळक लिहिलेलं. तुम्ही ती परत दिलीत तेव्हा काळ्या रंगात तोंड दिसत होतं, मडगार्डवरच्या सोनेरी रेघा हातानं ओढलेल्या होत्या, क्रोम लखलखत होतं. रेघा ज्यानं ओढल्या त्याला माझा नमस्कार सांगा. त्याचा हात चांगला आहे. हे पत्र त्याला नाही, हेड ज्यानं बसवलं त्याला आहे. आणि बिलावर सही तुमची आहे.

मास्तर माझ्याकडे आले ते तक्रार घेऊन नव्हे. "सीट जरा खाली करून दे. आता वय झालं, तोल राहत नाही," एवढंच म्हणाले. मी सायकल गल्लीच्या टोकापर्यंत नेली आणि माझाही तोल राहीना. पुढचं चाक उचलून हँडल बोटानं ढकललं, तर ते मध्यावर येऊन अडकलं. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवली, तर हेडमधून टकटक आवाज. एकाच वेळी घट्ट आणि सैल. हेडची ही दोन दुखणी एकत्र आली की समजावं, आत काहीतरी मुळातच चुकीचं बसवलं आहे.

तुम्ही सायकली विकता, तरी हे तुम्हाला सांगावं लागतं आहे: सरळ जाणाऱ्या सायकलचं हँडल स्थिर नसतं. ती ज्या बाजूला कलते त्या बाजूला चाक किंचित वळतं, सायकल सावरते, पुन्हा दुसरीकडे कलते. हे इतकं बारीक चालतं की चालवणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. हेड मोकळं असेल तर हा सगळा व्यवहार आपोआप होतो. हेड मध्यावर अडत असेल तर सायकल आधी सावरत नाही, मग एकदम जास्त वळते, आणि माणूस रस्त्यावर वेडावाकडा जातो. साठ वर्षं सायकल चालवलेल्या माणसाला तुम्ही वाटायला लावलंत की दोष त्याच्या गुडघ्यांत आहे, त्याच्या कानांत आहे, त्याच्या वयात आहे. तुमच्या बिलातली रक्कम मी विसरू शकेन. हे विसरणार नाही.

आता आत काय सापडलं ते सांगतो.

वरच्या आणि खालच्या वाट्या नव्या होत्या, कारण त्या बाहेरून दिसतात आणि त्यांना क्रोम असतं. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या क्राउनवर बसलेला खालचा कोन, ज्यावर छर्रे फिरतात, मात्र जुनाच होता, कारण तो कुणाला दिसत नाही आणि काढायला पुलर लागतो. त्या कोनावर समोरच्या आणि मागच्या बाजूला छर्‍यांचे खड्डे पडलेले होते, नखाला लागतील इतके खोल. हे खड्डे का पडतात याचा तुम्ही कधी विचार केला आहे का? चाकाच्या हबमधले छर्रे सतत फिरत राहतात. हेडमधले छर्रे मैलोन्‌मैल जवळपास एकाच जागी उभे असतात. रस्त्याचा धक्का आला की चिमटा मागेपुढे कणभर वाकतो, छर्रे तिथल्या तिथे हलतात, त्यांच्याखालचं ग्रीस बाजूला सरतं आणि पोलादावर पोलाद घासू लागतं. वर्षानुवर्षं हे चाललं की प्रत्येक छर्‍याखाली खळगा तयार होतो. मग हँडल सरळ असताना सगळे छर्रे आपापल्या खळग्यात जाऊन बसतात आणि तिथून हलायला तयार नसतात. मास्तरांचा 'तोल' तिथे अडकला होता. तुम्ही दोन चमकदार वाट्या बसवून तो दोष जसाच्या तसा आत बंद केलात.

शिवाय त्या वाट्यांचा वळसा या कोनाशी जुळत नाही. छर्रे जिथे टेकायला हवेत तिथे टेकतच नाहीत, काठाच्या जवळ धावतात. मी खालच्या वाटीच्या पृष्ठभागावर कानस फिरवली. कडक केलेल्या पोलादावरून कानस घसरते. तुमच्या वाटीत ती रुतली. पातळ पत्रा दाबून केलेली, वरून क्रोम चढवलेली मऊ वाटी आहे ती. जुन्या रॅलेत होती त्या वाटीचा वरचा थर कडक केलेला होता, म्हणून ती इतकी वर्षं टिकली. तुमची दोन पावसाळ्यांत खणली जाईल.

छर्रे काढून पुसले आणि मायक्रोमीटरखाली धरले. काही ५/३२ इंचाचे, म्हणजे ३.९७ मिलिमीटर, आणि काही ४ मिलिमीटरचे. डब्यात जे हाताला लागले ते टाकलेत. फरक ०.०३ मिलिमीटरचा, डोळ्याला दिसत नाही. पण पोलाद डोळ्यांनी बघत नाही. जे थोडे मोठे आहेत त्यांच्यावरच चिमट्याचा, मास्तरांचा आणि दप्तराच्या पिशवीचा सगळा भार येतो, बाकीचे नुसते सोबतीला फिरतात. छर्रे ही सायकलमधली सगळ्यात स्वस्त वस्तू. एका हेडचे पूर्ण नवे, एकाच मापाचे छर्रे घ्यायला लागतात तेवढे पैसे तुमच्या बिलातल्या 'पॉलिशिंग' या एका ओळीत कितीदा तरी बसले असते.

पण इथवरचं सगळं बदलता येतं. वाट्या, कोन, छर्रे हे झिजण्यासाठीच बनवलेले असतात. ते झिजतात म्हणून फ्रेम आणि चिमटा वाचतात. तुम्ही उलटं केलंत. बदलायच्या वस्तू बसवताना बदलता न येणाऱ्या वस्तू मोडल्यात, आणि या पत्राचं कारण ते आहे.

खालची वाटी तुम्ही हातोड्यानं ठोकून बसवलीत. लाकडाचा ठोकळासुद्धा मध्ये धरला नाहीत, कारण नळीच्या तोंडाशी असलेल्या लगच्या काठावर हातोड्याची खूण आहे आणि त्या खुणेवर तुमचा काळा रंग आहे. वाटी तिरकी गेली, तुम्ही दुसऱ्या बाजूनं ठोकली, पुन्हा पहिल्या बाजूनं. एवढ्यात हेडच्या नळीचं तोंड फाकलं. मी व्हर्नियर दोन दिशांनी लावून पाहिला, नळी आता गोल नाही. मग वाटी सैल बसायला लागली, तेव्हा तुम्ही थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापून तिच्याभोवती गुंडाळलात. तो पत्रा मी काढून ठेवला आहे, त्यावरची छपाई अजून वाचता येते.

वाटी आणि नळी यांच्या मापात फरक असतो तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा. आज सर्रास वापरतात त्या मापात ३०.२ मिलिमीटरची वाटी ३०.१ च्या नळीत दाबून बसते. जपानी मापाची वाटी ३०.० ची असते. कोनाचंही तसंच, एका मापात भोक २६.४ मिलिमीटर, दुसऱ्यात २७.०. दुकानातल्या फळीवर हे सगळे हेडसेट सारखेच दिसतात. म्हणून आधी मोजायचं, मग विकत घ्यायचं, मग बसवायचं. दाबयंत्र नसेल तर आट्यांची एक लांब सळई, दोन नट आणि जाड वायसर कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. सळई नळीतून घालायची, दोन्हीकडे वायसर लावायचे, नट हळूहळू आवळायचा. वाटी आवाज न करता सरळ आत जाते. तिरकी जाते आहे असं वाटलं तर थांबता येतं. हातोड्याचा घाव मध्येच थांबवता येत नाही.

आणि वरची वाटी, जी आट्यांवर फिरवून बसवतात. इथे मला तुमचा खरा राग आला.

रॅले कंपनी स्वतःच्या सायकलींसाठी जवळपास सगळंच नॉटिंगहॅममध्ये स्वतः बनवायची, आणि आटेही स्वतःचेच पाडायची. बाकीच्या इंग्लिश सायकलींच्या चिमट्याच्या दांडीला, म्हणजे हेडच्या नळीतून वर येणाऱ्या भागाला, इंचात २४ आटे असत, रॅलेच्या चिमट्याला २६. कंपनीनं पुढे ताब्यात घेतलेल्या हंबर आणि रजच्या बहुतेक सायकलींनाही तेच. जुन्या सायकलींच्या नादी लागलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात कळणारी ही गोष्ट आहे. २४ च्या मापात दोन आट्यांमधलं अंतर १.०५८ मिलिमीटर, २६ च्या मापात ०.९७७. दांडीचा व्यास दोन्हीकडे एकच, एक इंच. त्यामुळे २४ ची वाटी २६ च्या दांडीवर पहिला वेढा निमूट घेते. दुसऱ्याला जड होते. प्रत्येक आट्यामागे फरक वाढत जातो आणि सहाव्या आट्याला तो अर्ध्या आट्याइतका होतो. तिथे एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या उंचवट्यावर येतो, आणि एकाला मरावं लागतं. खालची वाटी मऊ होती, ही वरची मात्र दांडीपेक्षा कडक. मेली ती दांडी.

जड जातं आहे हे तुमच्या हाताला कळलं असणार. कुठल्याही हाताला कळतं. ग्रीस लावूनही नट दुसऱ्या वेढ्याला कुरकुरला तर तो नट त्या दांडीचा नाही, हे आमच्याकडे चौदा वर्षांच्या पोराला शिकवावं लागत नाही. तुम्ही काय केलंत? लांब दांड्याचा पान्हा आणलात. त्याचे दात वाटीच्या कडेवर उमटलेले आहेत. पिच गेज नावाची एक छोटीशी पत्र्यांची जुडी मिळते, ती आट्यांना लावली की आकडा कळतो. तीही नको होती. कागदाच्या कपट्यावर दांडीचे आटे उमटवून पट्टीनं एका इंचात किती ते मोजलं असतंत तरी पुरलं असतं.

नवी वाटी जास्त उंच होती. लॉकनटला जागा उरेना म्हणून तुम्ही खाचेत बसणारा वायसर आणि दिव्याचा ब्रॅकेट काढून टाकलात. त्या वायसरचं काम माहीत आहे? लॉकनट आवळताना वरची वाटी सोबत फिरू नये, यासाठी तो असतो. तो नसला की नीट लावलेलं हेड शेवटच्या पिळाला बिघडतं, आणि रस्त्यावर आपोआप सुटतं. लॉकनट तुमच्या त्या मोडक्या आट्यांच्या अडीच वेढ्यांवर उभा होता. उतारावर पुढचा ब्रेक दाबल्यावर चिमटा नेमका त्याच जागी ओढ देतो. मास्तर रोज ज्या रस्त्यानं जातात त्यावर उतार नाही, म्हणून ते हे वाक्य वाचायला आहेत.

या पत्रावर कुणी असं म्हणेल की रस्त्याकडेचे मिस्त्री वर्षानुवर्षं हेच करत आले. नाही. कोपऱ्यावर पंप ठेवून बसलेला मिस्त्री माझ्या ओळखीचा आहे, तुमच्याही असेल. त्याला मिळतात त्या पैशांत तो खड्डे पडलेल्या कोनावरची, छर्रे धरून ठेवणारी जाळी काढून टाकतो आणि सुटे छर्रे भरतो, जाळीत बसतात त्यापेक्षा एकदोन जास्त. त्यामुळे छर्रे जुन्या खळग्यांशी जुळत नाहीत आणि हँडल अडायचं थांबतं. कधी तो कोन उचलून थोडा फिरवून बसवतो, त्याचाही तोच उपयोग. हे कायमचं काम नाही, हे तो गिऱ्हाइकाला सांगतो. दोनतीन वर्षं सायकल नीट चालते, आणि फ्रेमला ओरखडाही येत नाही. त्याच्याकडे दाबयंत्र नाही, व्हर्नियर नाही, इंग्लंडहून सुटे भाग मागवायला पैसा नाही. तुमच्याकडे हे सगळं घेण्याइतका पैसा गिऱ्हाइकांनी दिला. तुमची पाटी त्याच्या पाटीच्या पंक्तीला लावायची माझी तयारी नाही.

"पार्ट मिळत नाहीत हो," हे तुमचं वाक्य मास्तरांनी मला सांगितलं. मिळत नाहीत, खरं आहे. नॉटिंगहॅमचा कारखाना २००२ मध्ये थांबला. आपल्याकडे आसनसोलला सेन-रॅले होती, मुंबईत वरळीला हिंद सायकल्स होती. संसदेनं १९८० मध्ये एकाच कायद्यानं दोन्हींचं राष्ट्रीयीकरण केलं, आणि पुढे दोन्ही कारखाने बंद पडले. पण त्यातून निष्कर्ष काय निघतो? जे मिळत नाही ते जपायचं असतं. रॅलेच्या वरच्या वाटीला फारसा मार बसत नाही, भार खालच्या बाजूला असतो. म्हणून जुन्या रॅलेचं हेड करताना मूळ वरची वाटी आणि मूळ लॉकनट, म्हणजे २६ आट्यांच्या दोन्ही वस्तू, साफ करून पुन्हा वापरायच्या असतात, आणि नळीत व चिमट्यावर दाबून बसणारे भाग आणि छर्रे तेवढे नवे घ्यायचे असतात. त्यांना आटेच नसतात, त्यामुळे नुसतं माप जुळलं की काम झालं. तुम्ही नेमक्या त्या दोन वस्तू भंगारात टाकल्यात, ज्या या सायकलसाठी आता सहजासहजी मिळत नाहीत.

ॲलन सिलिटो हा इंग्रज कादंबरीकार पोरवयात याच रॅलेच्या कारखान्यात कामाला होता. १९५८ मध्ये आलेल्या त्याच्या 'सॅटर्डे नाइट अँड संडे मॉर्निंग' या कादंबरीचा नायक सायकलच्या कारखान्यात लेथवर उभा राहून नगावर पैसे मिळवतो. मास्तरांच्या सायकलची ती वाटी अशाच कुणीतरी कातलेली. त्याला रॅलेबद्दल प्रेम नसेल, मालकाबद्दल तर नसेलच, पण त्यानं माप चुकवलं नाही. तो नग सत्तर वर्षं चालला. सायकलवर प्रेम आहे असं तुम्ही पाटीवर लिहिता, फोटो काढता, प्रदर्शनं भरवता. त्या कामगाराइतकं तरी मापाशी खरं राहा.

आता मागण्या.

दांडीवरचे वरचे आटे गेले आहेत, पण पूर्ण नाहीत. २६ आट्यांची डाय फिरवून ते साफ करता येतील इतका धातू उरला आहे. मात्र त्यावर बसायला तीच मूळ वाटी हवी, बारीक झालेल्या आट्यांवर जी सगळ्यात जास्त पकड घेईल. तसं झालं नाही तर क्राउन तापवून जुनी दांडी काढावी लागेल आणि नवी पितळेनं जोडावी लागेल, म्हणजे त्या चांगल्या रंगाऱ्याचं चिमट्यावरचं काम जळून जाईल. तेव्हा तुमच्या दुकानामागची भंगाराची पेटी उपसा. वरची वाटी, लॉकनट, खाचेचा वायसर, दिव्याचा ब्रॅकेट. चारही वस्तूंवर जुनं काळवंडलेलं ग्रीस असेल, पुसू नका, मी पुसेन. नळीचं तोंड गोल करून घ्यायला मी सायकल एका फ्रेम बनवणाऱ्याकडे देतो आहे. त्याचं बिल तुमच्या नावानं येईल आणि ते तुम्ही भरायचं आहे.

यापुढे तुमच्या बिलात रंग आणि क्रोमच्या आधी हेड, बॉटम ब्रॅकेट आणि दोन्ही हब यांच्या ओळी येऊ द्या: कुठले भाग काढले, कुठले घातले, कुठल्या मापाचे. काढलेले जुने भाग पिशवीत घालून मालकाला परत द्या. ते त्याचे आहेत.

आणि आजवर तुमच्या हातून गेलेल्या प्रत्येक रॅले, हंबर आणि रजच्या मालकाला फोन करा. सायकल बोलावून घ्या. पुढचं चाक उचलून हँडल बोटानं ढकला, मग पुढचा ब्रेक दाबून सायकल हलवून बघा. अडलं किंवा वाजलं, तर ती सायकल त्या माणसाला चालवत घरी नेऊ देऊ नका. टेम्पो करून द्या, भाडं तुम्ही द्या, आणि मास्तरांची माफी मागायला सांगलीला या. सीट मी खाली केलेली नाही. ती होती त्याच उंचीवर आहे.

कळावे,
सायकली दुरुस्त करणारा एक सांगलीकर